सिलिंडरातला वारा

६ फेब्रुवारी

पंख्यांच्या कारखान्यातली नोकरी गेली. मी म्हणते मी सोडली, साहेब म्हणतात त्यांनी काढली. दोघंही खरंच बोलतोय, फक्त मी सकाळी बोलले आणि ते दुपारी. आई फोनवर म्हणाली, "घरी ये, नाहीतर मामाकडे जा. पण मध्येच तिसरीकडे रमू नकोस." म्हणून मामाकडे आले. वाटेत एक दिवस एका जुन्या पुलाचं रंगकाम बघण्यात गेला, ते आईला सांगितलेलं नाही.

मामाची शेड घराच्या मागे आहे. पत्र्याचं छप्पर, तेलाने काळं झालेलं लांब बाक, भिंतीवर ओळीने टांगलेले जळके पिस्टन. मामा रेसच्या मोटरसायकलींची टू-स्ट्रोक इंजिनं ट्यून करतो. म्हणजे कंपनीने बनवलेलं शहाणं इंजिन उघडतो आणि घासून, जुळवून त्याला वेडं करतो. हे सगळं त्याने कानावर केलं असं लोक म्हणतात. गाडी समोरून नुसती गेली की हा सांगायचा, "पेट्रोल कमी पडतंय, जेट एक नंबर मोठा घाला." (जेट म्हणजे पेट्रोल आत सोडणारं बारीक भोक.)

दारातून हाक मारली तर उत्तर नाही. रेडिओ एवढा मोठा की डब्यातले खिळे थरथरत होते. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा केवढा दचकला! मग "भिंगरी!" म्हणून पाठीत धपाटा घातला. हे नाव त्यानेच ठेवलेलं. गरगर फिरते, पण कुठे पोचत नाही, असा त्याचा अर्थ.

मामीने विचारलं, "किती दिवस?"

"दोन."

"तुझे दोन मला माहीत आहेत," असं म्हणून मामीने कपाटात माझ्यासाठी एक कप्पा रिकामा केला.

९ फेब्रुवारी

आज ताई आली होती. ताई म्हणजे मामाची मुलगी. एकशेपंचवीस सीसीच्या गटात रेस चालवते, बापाने बनवलेल्या इंजिनावर. गेल्या वर्षी ते इंजिन धावता धावता दोनदा जाम झालं. दुसऱ्या वेळी ती पडली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. अजून चहाचा कप डाव्या हाताने उचलत नाही.

मामा बाकावर वाकून काम करत होता. ती बोलायला लागली, तर हा मान वर करेना. शेवटी तिने हातातला कप बाकावर आपटला.

"बाबा, शेवटचं सांगते. एप्रिलातल्या रेसमध्ये पहिल्या तिघांना वरच्या गटात घेणार आहेत. मी तुमच्याच इंजिनावर उतरेन. तिघांत आले तर पुढेही तुमच्याबरोबर. नाही आले, तर छत्रीवाल्याकडे जाणार."

छत्रीवाला म्हणजे दुसरा ट्यूनर. ऊन असो, नसो, ट्रॅकवर हा छत्री घेऊन उभा असतो. त्याची इंजिनं जिंकतात, पण मामाच्या घरात त्याचं नाव घेतलं की दूध नासतं म्हणे.

मामा तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. मग म्हणाला, "बरं."

"बरं? एवढंच? पूर्वी तुम्ही अर्ध्या मैलावरून ओळखायचात, पेट्रोल कमी पडून इंजिन कोरडं चाललंय म्हणून. हल्ली तुमचं लक्षच नसतं!"

"बरं म्हटलं ना."

ती गेल्यावर मामा स्क्रूड्रायव्हर पुसत बसला. एकाच ठिकाणी, बराच वेळ. इतकं थंड रक्त असावं माणसाचं? मी असते तर रडले तरी असते, नाहीतर काहीतरी फोडलं असतं.

१३ फेब्रुवारी

टू-स्ट्रोक मला समजलं! निदान समजल्यासारखं वाटतंय. यात झडपा नसतातच. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि पिस्टन वर-खाली होताना त्या उघडतो, झाकतो. पुढच्या मोठ्या खिडकीतून जळका धूर बाहेर. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांमधून खालची ताजी हवा आणि पेट्रोल आत. घोळ असा की हे दोन्ही एकाच वेळी चालतं. नव्या पाहुण्याने आत यायचं, जुन्याला दारापर्यंत रेटायचं, आणि त्याच्या मागोमाग आपण मात्र बाहेर पडायचं नाही. मला हे जमलं नसतं. मी तर दार उघडं दिसलं की निघालेच.

मामाला म्हटलं, "मग हवा किती येते आणि कुठून येते, हे मोजत का नाहीस? आमच्या कारखान्यात प्रत्येक पंख्याचा वारा मोजायचे. वाकडी नळी आणि तिच्यात पाणी, बस."

मला वाटलं, हसेल. आयुष्य कानावर काढलेला माणूस. पण त्याने हातातलं काम ठेवलं, स्टूल ओढून अगदी समोर बसला आणि म्हणाला, "परत सांग. सावकाश."

दोनदा सांगितलं. इतक्या लक्षपूर्वक माझं बोलणं शाळेतसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं. अर्थात शाळेत मी असायचे कुठे!

१६ फेब्रुवारी

पेटी तयार. लाकडी खोकं, वरच्या फळीला सिलिंडरच्या मापाचं भोक, आणि खालून वारा भरायला मामीचा व्हॅक्यूम क्लीनर. तो हवा ओढतो तिथून नाही, सोडतो तिथून जोडला. बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली पारदर्शक नळी, तिच्यात लाल शाई घातलेलं पाणी. वाट अडली की पाणी चढतं, मोकळी झाली की उतरतं.

मामीला सांगायचं राहून गेलं. तिने सतरंजी साफ करायला कपाट उघडलं आणि मग शेडमध्ये आली.

"माझं यंत्र कुठाय?"

"विज्ञानाच्या कामाला लागलंय, मामी."

"आणि माझ्या घरातला केर? तो कुठल्या कामाला लावू?"

मामा मान डोलावून हसला. मामीने त्याच्यासमोर जाऊन बोट नाचवलं, "तुमच्याशी नंतर बोलते!" तेव्हा कुठे त्याचा चेहरा पडला. काय धीराचा माणूस आहे!

एक गंमत. शेडमध्ये घंटी आहे, तरी मामी चहाला बोलावताना बाहेरच्या बटणाने शेडचा दिवा लावते-विझवते. घंटी बिघडली असेल म्हणून मी तार तपासली, मग दाबून पाहिली. चांगली वाजते. जुन्या सवयी, दुसरं काय.

२१ फेब्रुवारी

चार दिवस वेड्यासारखी मापं घेतली. (त्यातला अर्धा दिवस मध्ये पेटीवर शिट्ट्या वाजवण्यात गेला. नळीचं टोक चिमटीत धरलं की सूर बदलतो. पण ते सोडा.) हवेच्या वाटेतला ओबडधोबड भाग पॉलिश केला की पाणी बोटभर उतरतं. मी ओरडले, "मामा, हवा वाढली!"

मामा म्हणाला, "वाढली तर खरी. पण जाते कुठे?"

घोडं इथेच पेंड खातंय. किती येते ते मला नळी सांगते. कुठे जाते ते कोण सांगणार?

२४ फेब्रुवारी

सांगितलं! दोऱ्यांनी सांगितलं!

मामीची पीठ चाळायची चाळणी घेतली (विचारून घेतली, तिने "घे बाई, उद्या मलाच त्या पेटीवर बसव," म्हणून दिली). जाळीच्या प्रत्येक फुलीला लोकरीचा बारीक धागा बांधला. सिलिंडरचं डोकं काढून वर चाळणी ठेवली, जुना पिस्टन तळाशी अडकवला, पुढच्या धुराड्याच्या खिडकीत चिंधी कोंबली, आणि वारा सोडला.

धागे उभे राहिले! म्हणजे सगळे नाही. मामाच्या मते दोन बाजूंचे झोत मध्ये एकमेकांवर आपटून मागच्या भिंतीला टेकले पाहिजेत आणि तिथून वर चढले पाहिजेत, कारंज्यासारखे. म्हणजे मागचे धागे ताठ, पुढचे खाली पडलेले. आमचं कारंजं मागे होतं, पण डाव्या कोपऱ्यात झुकलेलं. उजवा झोत दांडगा, डावा मिळमिळीत. उजवा डाव्याला भिंतीवर नेऊन दाबतोय.

मामा त्या धाग्यांकडे किती वेळ बघत होता. त्याने हात फिरवला त्यांच्यावरून, गवतावरून फिरवावा तसा. म्हणाला, "इतकी वर्षं हे आत असंच चालायचं. मला फक्त ऐकू यायचं." मग म्हणाला, "डावी वाट मोकळी करायची. तू कर."

"मी?"

"तुझे डोळे चांगले आहेत. हातही. नुसते पाय वाईट."

२७ फेब्रुवारी

दिवसभर सराव. मामाने एक भंगार सिलिंडर दिला आहे. छोटं फिरतं ग्राइंडर आत घालून आरशात बघत घासायचं. कड तुटली की सिलिंडर संपला. आणि आमचा खरा सिलिंडर ज्या कंपनीचा, ती तो आता बनवत नाही. हा एकच. मामाने हे दोनदा सांगितलं, म्हणजे तोसुद्धा घाबरलाय.

आई फोनवर म्हणाली, "अजून तिथेच? तब्येत बरी आहे ना तुझी?"

४ मार्च

लिहवत नाही, पण लिहिते.

सिलिंडरच्या आत कागद गुंडाळून लावला, तेलकट काजळीने घासून खिडक्यांचा ठसा घेतला. तो बाहेर काढून सपाट पसरला, डाव्या खिडकीवर फुली मारली, किती वाढवायची ते आखलं आणि समोर भिंतीला चिकटवला. मग त्याच्याकडे बघत दोन दिवस जीव ओतून घासलं. इतकं सुबक काम मी जन्मात केलेलं नाही. मामासुद्धा नखाने कड चाचपून म्हणाला, "लोणी."

आज पेटीवर ठेवलं, चाळणी ठेवली, वारा सोडला. सगळे धागे डाव्या भिंतीला जाऊन चिकटले. आधी झुकले होते, आता लोळत होते.

कागद उलटा पसरला होता मी. आतली बाजू वर हवी, तर बाहेरची वर आली. डाव्याचं उजवं झालं. जी खिडकी आधीच दांडगी होती, तीच मी लोण्यासारखी मोठी करून ठेवली.

मामा मामीबरोबर बाजारात गेलाय. बॅग भरून झाली आहे. एक बस चारला आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

गेले नाही. खरं सांगायचं तर निघाले होते. फाटकाशी ते दोघं भेटले. मामाने बॅग पाहिली, माझं तोंड पाहिलं.

मी म्हटलं, "मामा, मी वाट लावली. उजवी घासली."

त्याला कळेना. मी परत सांगितलं, हातवारे करून, रडत. मामीने भाजीची पिशवी खाली ठेवली आणि माझ्या हातातली बॅग घेऊन सरळ आत गेली. ती बॅग कुठे ठेवली ते अजून सापडलेलं नाही.

मामा शेडमध्ये गेला. धागे पाहिले. भिंतीवरचा कागद काढला, उलटा केला, सुलटा केला. मला वाटलं आता फाडणार. तो हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हसतोस काय! एकच सिलिंडर होता!"

"अगं, घासलेलं भरून काढता येत नाही, बरोबर?"

"बरोबर."

"मग लहान भावाला थोरल्याएवढा करू. डावी पण तेवढीच मोठी कर."

"पण मग दोन्ही खिडक्या फारच मोठ्या होतील."

"होतील. खाली, म्हणजे कमी वेगाला, झोपून राहील इंजिन. बैलासारखं हलणार नाही. पण वर गेलं की..." त्याने मूठ उघडून पाचही बोटं पसरली. "पोरीला झेपलं तर."

मला एवढंच कळलं की माझी चूक आता ताईच्या खांद्यावर बसून रेसला जाणार आहे. त्याच खांद्यावर.

१२ मार्च

डावी झाली. कागदावर यावेळी चारही बाजूंना नावं घातली, मामाने त्यावर "हे वर" असं लिहून बाण काढला. आतल्या वळणाला चिकट पुट्टी भरून झोताचं तोंड थोडं मागे वळवलं. ती मामाची कल्पना. मापं त्याची, हात माझे.

आज चाळणीवर मागचे सगळे धागे सरळ ताठ उभे राहिले. मधोमध. शाळेतल्या प्रार्थनेसारखे. पुढचे सगळे झोपलेले, तेही शाळेतल्यासारखेच. मामीलाही बोलावलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी माझी चाळणी?" पण जाताना दोनदा वळून बघितलं.

२३ मार्च

पहिली चाचणी. छोटा सरावाचा ट्रॅक, रिकामा. निघताना मामीने मला बाजूला घेतलं. "यांच्याजवळच उभी राहा. इकडेतिकडे भटकू नकोस. आणि काय वाटलं तर मोठ्याने सांग त्यांना." मी काय लहान आहे?

ताईने एक फेरी मारली आणि येऊन हेल्मेटची काच वर केली. "खाली मेलंय हे! वळणातून बाहेर येताना ढकलावं लागेल."

मामा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ती म्हणते, खाली मेलंय."

मामा म्हणाला, "मरू दे. खाली येऊच नको. गियर टाकत राहा, वरच ठेव. मागची चकती बदलतो."

मागच्या चाकाला जास्त दातांची चकती लावली. ताई परत गेली. आणि सरळ रस्त्याला लागल्यावर ते इंजिन जे काही ओरडलं! माझ्या अंगावर काटा आला. कापड टरकावं तसा आवाज, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मामा तेव्हा इंजिनाकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. विचारलं, "कसं?"

"भारी!"

"भारी काय? नीट सांग. कसा आवाज?"

परीक्षा घेतोय, मला कळलं. मी डोळे मिटून ऐकलं. तिसऱ्या फेरीला सरळ रस्त्याच्या शेवटाला त्या कापडामागे दुसरंच काहीतरी ऐकू आलं. टिणटिण. डब्यात चार खडे हलवल्यासारखं. मी मामाचा दंड धरून सांगितलं. त्याचा चेहराच बदलला.

"सुरुवातीला की शेवटाला?"

"शेवटाला."

"थांबव तिला!"

लाल फडकं घेऊन मी ट्रॅकच्या कडेला धावले. मामाने प्लग काढला. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड उडवल्यासारखे काळे ठिपके. खिडक्या मोठ्या झाल्या, हवा जास्त जायला लागली, पेट्रोल तेवढंच राहिलं. कोरडं चाललं होतं. "अजून एक फेरी आणि पिस्टन चिकटला असता," मामा म्हणाला.

गेल्या वर्षीसारखा.

ताईने प्लगकडे पाहिलं. "कुणी ऐकलं?"

"आम्ही," मामा म्हणाला.

मग एक विचित्र प्रकार झाला. मामा वाकून जेट बदलत होता. ताई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाबा." तो काम करत राहिला. ती परत म्हणाली, जरा मोठ्याने, "बाबा." मग गाडीच्या मागे गेली आणि बऱ्याच वेळाने आली, डोळे लाल. म्हणाली, पेट्रोलचा वास गेला डोळ्यांत.

रागावली असणार. कामात असला की मामा हाकेला ओ देत नाही, हे मला रोजचंच आहे, पण ती मुलगी आहे ना. जाताना मात्र तिने मामाचा शर्ट मागून सरळ केला.

३० मार्च

शंका. रोज नवीन. आपण मोजलं ते थंड, संथ वाऱ्यावर. आत तर आगीचा खेळ, सेकंदाला दोनशे वेळा. लोकरीच्या धाग्यांवर ताईचा जीव लावतोय का आपण? मामाला विचारलं. तो म्हणाला, "हो." निदान प्रामाणिक आहे.

इतर मेकॅनिक इंजिन ऐकताना स्क्रूड्रायव्हर कानाला लावतात. मामा तो दातांत धरतो. का, विचारलं तर म्हणे, "चव बघतो." मी पण धरून पाहिला. इंजिन सगळं कवटीत शिरतं! दिवसभर दात शिवशिवले. भन्नाट युक्ती आहे. याची शाळाच काढायला हवी.

६ एप्रिल

इतकी भटकले आयुष्यात, पण एवढी माणसं एवढ्या छोट्या जागी इतकी घाबरलेली पाहिली नव्हती. उद्या रेस. आज सरावाच्या फेऱ्या. छत्रीवाला स्वतः आमच्या तंबूशी आला, छत्री मिटवून.

"काय हो, गाडी सुरू व्हायला माणूस देऊ का ढकलायला? वळणात फारच केविलवाणी दिसते."

मामा त्याच्याकडे बघून नुसता गोड हसला. असा संयम! माझ्या तोंडात दोन चांगली उत्तरं आली होती, त्यातलं एक मी दिलंच. "काका, सरळ रस्त्याला भेटू. तुमची छत्री धरून ठेवा, वारा सुटेल."

ताई स्टँडवर बसून बूट बांधत होती. खळखळून हसली. पडल्यापासून पहिल्यांदा, मामी म्हणते.

७ एप्रिल

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी हवा अचानक थंड पडली. थंड हवा दाट असते, म्हणजे जास्त जाणार, म्हणजे पेट्रोल पुन्हा कमी. मामाने विचारलं, "काल शेवटी कसं वाटत होतं?" मी म्हटलं, "कोरडं नाही. पण ओठ सुकल्यासारखं." यावर कुणीही मला वेड्यात काढलं असतं. मामाने एक नंबर मोठा जेट घातला. ताई म्हणाली, "ओठ सुकल्यासारखं म्हणजे काय?" मामा म्हणाला, "तिला माहीत आहे. तू चालव."

सुरुवात इतकी वाईट झाली की मी तोंड झाकलं. झेंडा पडला, सगळे सुटले आणि आमचं इंजिन खोकत राहिलं. पहिल्या वळणाला ताई जवळजवळ शेवटची. छत्रीवाला बाजूलाच उभा होता. त्याने फक्त छत्री फिरवली. ते बोलण्यापेक्षा वाईट.

मग ती सरळ रस्त्याला लागली.

कापड टरकलं. एक गाडी मागे पडली. पुढच्या वळणाला ती गाडी परत पुढे गेली, पण ताईने वेग उतरूच दिला नाही, गियर, गियर, गुडघा रस्त्याला घासत. आणि पुन्हा सरळ रस्ता आला तेव्हा दोन गाड्या मागे. प्रत्येक फेरीला हेच. वळणात ते तिला खायचे, सरळ रस्त्यावर ती त्यांना. माझी चूक, दोन्ही बाजूंना सारखी लोण्यासारखी घासलेली, तिथे किंचाळत चालली होती, आणि माझा घसा बसला होता.

मामा? मामा रेसकडे पाठ करून उभा होता! माझ्या तोंडाकडे बघत. प्रत्येक वेळी ताई समोरून गेली की भुवया उंच करायचा. मी ऐकायचे आणि मान डोलवायचे, ओलं आहे, छान आहे. मला वाटलं माझ्या गालाला काळं लागलंय. पुसलं. तरी बघतोच.

शेवटच्या फेरीला ती चौथी होती. तिसरा छत्रीवाल्याचा, लाल हेल्मेटचा. शेवटच्या वळणातून तो आधी निघाला, दोन गाड्यांचं अंतर. मी डोळे मिटले. खरंच मिटले, कारण मला ऐकायचं होतं. आवाज चढला, चढला, मला वाटलं आता डब्यात खडे वाजणार, आता वाजणार. नाही वाजले. गुळगुळीत, एका दमात, वरपर्यंत. डोळे उघडले तर ताई लाल हेल्मेटच्या पुढे होती, आणि त्याच्याही पुढच्या एकाच्या चाकाशी चाक लावून रेषेवरून गेली.

दुसरी! दुसरी आली! पहिलं कोण आलं ते मला अजून माहीत नाही. विचारायचंच राहिलं.

मी मामाला गदागदा हलवलं, दोन बोटं दाखवली. त्याने माझी दोन बोटं मुठीत धरली आणि सोडलीच नाहीत. छत्रीवाल्याने येऊन हात पुढे केला. म्हणाला, "खिडक्या किती मोठ्या केल्यास रे बाबा?" मामा हसला. मी म्हटलं, "चाळणीला विचारा." तो अजून विचार करत असेल.

ताई आली. गर्दीतून वाट काढत सरळ मामाच्या समोर. हेल्मेट काढलं. हातमोजे काढले. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले, डावासुद्धा, आणि त्याच्या डोळ्यांत बघत एकेक शब्द सावकाश बोलली, लहान मुलाला शिकवावं तसं:

"बाबा. पुढच्या वर्षी. तुमचंच इंजिन."

मामाचा चेहरा मला लिहिता येणार नाही. इतके दिवस मी त्याला थंड रक्ताचा म्हणत होते.

मग ती माझ्याकडे वळली, नेहमीच्या घाईघाईच्या बोलण्यात म्हणाली, "आणि तू. एक अट आहे. प्रत्येक रेसला, प्रत्येक चाचणीला तू यांच्या शेजारी उभी हवीस. हललीस तर बघ."

"शेजारी कशाला? मी शेडमध्ये घासायला हवी ना?"

ती हसली, डोळे पुसले. "घासायला पण. राहतेस का?"

मी आयुष्यात या प्रश्नाला कधी सरळ उत्तर दिलेलं नाही. नेहमी "बघू" म्हणते. आज तोंडातून भलतंच निघून गेलं.

मामाने कोपराने ढोसलं. "काय म्हणालीस तिला?"

एवढ्या कल्लोळात कुणाचं कुणाला ऐकू येणार! मी त्याच्या समोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने, सगळ्या ट्रॅकला ऐकू जाईल असं सांगितलं, की मी राहतेय.